लग्नांची डिस्क

देऊळगाव राजाला माझ्या थोरल्या भावाचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. पुढे काउंटर आणि मागे काळ्या पडद्याआड मिक्सिंगची छोटी खोली. उन्हाळ्यातल्या एका दुपारी तो आदल्या दिवशीचं लग्न कॅमेऱ्याच्या कार्डावरून डिस्कवर उतरवत बसला होता. तेवढ्यात छातीत कळ आली. शेजारच्या दुकानदारांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, आणि तिथून तो परत आला नाही.

त्या गडबडीत कुणीतरी शटर ओढून घेतलं, पण आतलं मशीन बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. येणार तरी कसं? लोडशेडिंगचे दिवस होते. वीज गेली, बॅटरी संपली, वीज आली, पुन्हा गेली. लग्न उतरवता उतरवता मशीन कितीदा पडलं आणि किती वेळा उठलं, ते त्याचं त्यालाच माहीत.

मी पुण्याहून पोचलो आणि अग्नी मीच दिला. भावाला एकच मुलगी, तीही कॉलेजच्या हॉस्टेलवरून धावत आलेली. क्रियेला मी बसलो. म्हणजे तेरवीपर्यंत मी पुढच्या खोलीत एका घोंगडीवर बसणार, घराबाहेर जाणार नाही, मला कुणी शिवणार नाही, माझं ताट वेगळं. मुळातच मी फार न बोलणारा. माणसं भेटायला येत, समोर बसत, उसासे टाकत आणि उठून जात. मला तर शोक करायलाही शब्द सापडत नव्हते. सोबत आणलेलं पुस्तक नुसतं मांडीवर उघडून बसायचो.

राख सावडून आलो त्या दिवशी वहिनी चौकटीशी येऊन उभ्या राहिल्या. शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला दुकानातलं मशीन घरी घेऊन आला होता. मॉनिटरच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात, डिस्क उघडत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "या सीझनची सगळी लग्नं त्याच्यात आहेत. एकही देणं झालं नाही. कार्डं तं त्यायनं पुसून पुढच्या लग्नाले वापरली. ही डिस्क गेली तं दुकान गेलं."

ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने किती मोठी होती ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे भाऊ जालन्याहून आले होते. भला माणूस, पण काम उरकायची घाई फार. कॅमेरे, लाइट, मशीन सगळं एकगठ्ठा घेणारं एक गिऱ्हाईक त्यांनी जालन्यात पाहूनही ठेवलं होतं. तेरवी झाली की सामान उचलायचं आणि बहिणीला माहेरी न्यायचं, असा त्यांचा बेत. वहिनींना ते नको होतं. पडद्यामागे बसून मिक्सिंग त्याच करत आल्या होत्या. भाऊ शूटिंग करून आणायचा, आणि कुठली मावशी कुठे रडली, कुणाचा आहेर दाखवायचा आणि कुणाचा झाकायचा, हे वहिनी ठरवायच्या. दुकान आपण चालवू असं त्या म्हणत होत्या. पण ज्यांची लग्नं हरवली, ती माणसं पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नव्हती. वर लोक म्हणाले असते, गेला तो आमची लग्नं घेऊन गेला.

त्या मशीनची थोडी हकिगत सांगायला हवी. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे आणि भावाची लग्नं खाऊन जायचे, म्हणून एका दिवाळीत मीच त्याला साठवणीचं हे वेगळं मशीन जोडून दिलं होतं. ते फुकट मिळणाऱ्या, कुणालाही आतून उघडून पाहता येणाऱ्या सिस्टिमवर चालायचं. डिस्क बिघडली तर तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅमही त्यातच होता. आता तोच चालवायचा होता.

सुतकात घोंगडीवर मशीन? आत्याने हरकत घेतली. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची बहीण, घरातल्या रीतीभातींचं सगळ्यात वरचं कोर्ट. वहिनी म्हणाल्या, पोथी चालते तर हे का नाही. आत्याने थोडा विचार केला. पोथीसारखं पाटावर ठेवणार असाल तर हरकत नाही, असा निकाल दिला. मशीन पाटावर आलं.

बिघडलेल्या डिस्कवर थेट हात घालायचा नाही, हे आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातलं पहिलं पथ्य. आधी तिची जशीच्या तशी नक्कल एका नव्या डिस्कवर उतरवली. त्यालाच अख्खा दिवस गेला. मग नकलेवर दुरुस्तीचा प्रोग्रॅम सोडला. तो एकेक फोल्डर तपासत निघाला. भावाने फोल्डरांना गावांची नावं दिली होती, आडनावं सारखी सारखी येतात म्हणून. मेहकर, मेहकरची हळद, मेहकरची वरात. लोणारचा साखरपुडा. मग लोणारची हळद आली, आणि प्रोग्रॅम मेला. कारण न सांगता, एका ओळीत.

पुन्हा चालवला. पुन्हा लोणारच्या हळदीत मेला. तिसऱ्यांदाही तिथेच.

आत्या मागून बघत होती. तिला अक्षरं वाचता येत होती, आणि अर्थ लावायला तेवढं पुरे होतं. "त्या लग्नात नवरदेवाचा मामा रुसला होता," ती म्हणाली. "जेवला नाही लेकाचा. तवाच मी म्हटलं होतं."

मलाही, वेगळ्या कारणाने, तसंच वाटलं. त्या फोल्डरचीच जागा डिस्कवर खराब झाली असणार. मी नकलेतून लोणारची हळद बाजूला काढली आणि प्रोग्रॅम पुन्हा सोडला. आता तो तिथून पुढे जाईल, एक हळद गेली तरी बाकीची लग्नं हाती येतील, असा हिशेब.

तो पुढे गेला नाही. या वेळी तो लोणारच्या साखरपुड्यातच मेला. म्हणजे एक फोल्डर आधी. आतापर्यंत तो साखरपुडा दर वेळी सुखरूप पार होत होता.

मी साखरपुडाही काढला. प्रोग्रॅम मेहकरच्या वरातीत मेला. आणखी एक मागे.

मी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं मन एखाद्या गोष्टीवर पूर्ण बसलं होतं. दोष त्या हळदीचा असता, तर हळद काढल्यावर वाट मोकळी व्हायला हवी होती. इथे मी जे काढत होतो, त्याच्या मागचं ढासळत होतं. म्हणजे दोष लग्नात नव्हताच. किती लग्नं आहेत, या आकड्यात काहीतरी होतं. मी आत्याला सांगितलं, लोणारवाल्यांचा काही दोष नाही. तिचा चेहरा जरासा पडला.

प्रोग्रॅमचं मूळ लिखाण मी फोन लॅपटॉपला जोडून उतरवून घेतलं. सकाळी सुरू केलेलं दुपारी उतरलं. मग वाचत बसलो. परक्या माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅम वाचणं आणि परक्या गावच्या पोथीतून वाट काढणं यात मला कधी फार फरक वाटला नाही. हळूहळू लिहिणाऱ्याची ढब कळायला लागते. हा माणूस नीटनेटका होता, मेमरी जपून वापरणारा होता.

त्याची रीत अशी. डिस्कवरच्या प्रत्येक फाइलसाठी तो मेमरीत एक टिपण ठेवतो. आधी तो सगळ्या फोल्डरांवरून एक फेरी मारतो; ती फाइल ज्या ज्या फोल्डरात दिसेल, त्या फोल्डराने ते टिपण धरलं असं समजून टिपणावरचा आकडा एकाने वाढवतो. मग दुसऱ्या फेरीत एकेक फोल्डर तपासून झाला की त्याने टिपण सोडलं, आकडा एकाने कमी. आकडा शून्यावर आला म्हणजे आता कुणीच धरलेलं नाही, आणि टिपण फेकून दिलं जातं. साधी, शहाणी रीत. फक्त ती आकड्यावर विश्वास ठेवते. कुणी धरलेलं असतानाच आकडा शून्य झाला, तर टिपण फेकलं जातं, आणि पुढचा जो कुणी त्याला हात घालायला जातो तो रिकाम्या जागी पडतो. आमचा प्रोग्रॅम असाच पडत होता, याची मला खात्री होत चालली.

पण आकडा चुकत कुठे होता? धरताना वाढवायचं विसरला, की सोडताना दोनदा कमी केला? मी दोन्ही वाटा ओळ न ओळ तपासल्या. दोन्ही बरोबर. त्या दुपारी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. मी मान हलवत होतो, हात जोडत होतो, आणि डोक्यात एकच, कुठे चुकतो हा?

त्याच गर्दीत जवळच्या खेड्यातले एक शेतकरी बाप आले. भावाने शेवटचं शूटिंग केलं ते त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न. ते खूप वेळ बसले. पाऊस, कपाशी, भावाचा स्वभाव, सगळं बोलून झालं. नजर मात्र पाटावरच्या मशीनकडे. मयत झालेल्या घरात आपल्या सीडीचं विचारायचं कसं? शेवटी ते उठले, दारापर्यंत गेले, आणि वळून वहिनींना म्हणाले, "बाई, सगळं ठीक होईन ना?" कशाबद्दल विचारलं ते सगळ्यांना कळलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे.

संध्याकाळी मी सोपा उपाय केला, जो आधीच करायला हवा होता. विचार करणं थांबवलं आणि प्रोग्रॅमला बोलतं केलं. कुणीही टिपण धरलं की आकडा छाप, सोडलं की आकडा छाप, एवढ्या दोन ओळी त्यात घातल्या. पडदा आकड्यांनी भरून वाहू लागला. बहुतेक टिपणांचे आकडे एक, दोन, पाच. एका टिपणाचा मात्र चढतच होता. मी तेवढ्यावरच नजर ठेवली. शंभर झाले. दोनशे झाले. दोनशे त्रेपन्न, दोनशे चोपन्न, दोनशे पंचावन्न.

आणि त्यानंतर शून्य.

आकडा ठेवायला त्या काटकसरी माणसाने एकच बाइट दिला होता. एका बाइटात दोनशे पंचावन्नच्या वर मावत नाही. पुढचा आला की काटा फिरून शून्यावर, आणि तिथून पुन्हा एक, दोन, तीन. धरणारे तीनशेच्या घरात, आणि टिपणावर आकडा फक्त उरलेल्यांचा. तेवढ्यांनी सोडलं की टिपण केराच्या टोपलीत, बाकीचे धरून उभेच. मी एक फोल्डर काढला की उरलेला आकडा एकाने कमी, म्हणून पडणं एक घर आधी. सगळं जागच्या जागी बसलं. लोणार, साखरपुडा, मेहकरची वरात, सगळं.

माझ्या तोंडून एक मोठा आवाज निघाला आणि मी दोन्ही हातांनी डोकं धरलं. ते हसू होतं. पण समोर वरवट बकालहून आलेल्या आईकडच्या बाया नुकत्याच टेकल्या होत्या. त्यांना वाटलं, इतके दिवस मुका बसलेला मोकळा झाला. त्यातल्या वडीलधाऱ्या बाईने गळा काढला आणि बाकीच्यांनी साथ धरली. आत्यालाही मग मागे राहता येईना. मी हसतोय हे सांगायची सोय नव्हती. मग काय झालं कळलं नाही, पण हसता हसता माझंही रडणं सुरू झालं, आणि बराच वेळ थांबलं नाही. भाऊ गेल्यापासून तेच पहिलं.

बाया गेल्यावर मी वहिनींना बोलावलं. एक गोष्ट अजून उमगत नव्हती. एकच फाइल इतक्या फोल्डरांत कशी? हा प्रोग्रॅम जगभर वापरतात. आजवर कुणाचाच आकडा इतका वर का गेला नाही? मी ती फाइल शोधून उघडली. घंटेचा नाद, गुलाबाच्या पाकळ्या, आणि मधोमध फिरणारा सोनेरी गणपती.

वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "अहो, हा तं आपला गणपती."

त्यांनी सांगितलं ते असं. एकदा एका हळदीच्या सीडीला आरंभी गणपती लावायचा राहून गेला. त्या घरच्या म्हातारीने सीडी परत पाठवली, बिनगणपतीची हळद घरात नको म्हणून. तेव्हापासून भावाने धसका घेतला. साखरपुडा, हळद, मांडव, लग्न, वरात, ज्याचा त्याचा फोल्डर वेगळा, आणि प्रत्येकात पहिला गणपती. मिक्सिंगचा प्रोग्रॅम फाइल त्याच फोल्डरात मागतो, म्हणून तिथेच हवा.

"बारशालेबी गणपती, दुकानाच्या उद्घाटनालेबी गणपती," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणायची, डिस्क भरून जाईन. तं म्हणत, नाही भरत. बारक्यानं युक्ती सांगतली, फाइल एकच राह्यते, नावं कितीबी द्या, जागा लागत नाही."

बारक्या म्हणजे मी. ती युक्ती मी त्याला दाखवली होती खरी, दोनचार मोठ्या फाइलींसाठी. त्याने ती इतकी मनावर घेतली असेल हे मला ठाऊक नव्हतं. किती वर्षं, किती मांडव, आणि सगळ्यांना मिळून एक गणपती. मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. वहिनी उभ्या राहून बघत होत्या. पाकळ्या त्यांनीच पाडल्या होत्या म्हणे, शिडीवर चढून.

दुरुस्ती म्हणाल तर एका शब्दाची. एका बाइटाच्या जागी चार. मी ती केली, प्रोग्रॅम नव्याने बांधला, काढलेले फोल्डर नकलेत परत घातले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दशक्रिया उरकून, डोकं भादरून आल्यावर, पाटासमोर बसलो. घोंगडीला न शिवता घरातले सगळे भोवती गोळा झाले. वहिनींचे भाऊही लांब भिंतीला टेकून उभे राहिले, आपला यात काही संबंध नाही अशा थाटात.

नावं सरकू लागली. मेहकर. मेहकरची वरात. लोणारचा साखरपुडा. आत्याने डोळे मिटून घेतले. लोणारची हळद आली आणि गेली.

"गेली का?" आत्याने डोळे न उघडता विचारलं.

"गेली."

यानंतर जालन्याचे पाहुणे भिंतीपासून सुटले. एकेक नाव ते मोठ्याने वाचू लागले. हे सिंदखेडचं, यांच्या पंगतीत मी होतो. हे जाफराबादचं, इथं बँडवाल्यांची मारामारी झाली. हे आमच्या साडूच्या पुतण्याचं. माणूस इतका रंगला की वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या ते त्याला दिसलं नाही. सगळ्या फोल्डरांतून पार होऊन प्रोग्रॅम नीट, स्वतःच्या पायांनी, शेवटच्या ओळीवर येऊन थांबला. मला टाळी द्यावीशी वाटली आणि शिवायचं कुणाला नव्हतं, म्हणून मी माझ्याच दोन हातांची वाजवली.

सीझनची लग्नं आली. काही फाइलींची नावं पुसली गेली होती. त्या वहिनींनी एकेक उघडून, मांडवाचं कापड आणि करवल्यांच्या साड्या पाहून, आपापल्या घरी पाठवल्या. एकच लग्न पुरतं आलं नाही. शेवटचं, उतरवता उतरवता थांबलेलं; त्याचं कार्डही मशीनमध्येच, विजेच्या जाण्यायेण्यात जळून गेलेलं. हळद होती, सीमांतपूजन होतं, मंगलाष्टकं चालू होती, अंतरपाट धरलेला होता, आणि पुढे काही नव्हतं. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही मोडलेलंच नव्हतं. ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं.

केलेली दुरुस्ती मी प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या लोकांना पाठवली. त्यांच्यातल्या एकाचं, कुठल्याशा दूरच्या थंड देशातून, उत्तर आलं. दुरुस्ती घेतली आहे, पण कुतूहल म्हणून विचारतो, एवढ्या जागी एकच फाइल कोण धरतं? मी खूप वेळ विचार करून लिहिलं, की आमच्याकडे कुठल्याही कामाच्या आरंभी एका देवाला बोलावतात, आणि माझ्या भावाने त्याला सगळीकडे बोलावलं होतं. त्याने परत लिहिलं, समजलं, यापुढे तपासणी करताना हा प्रकार ध्यानात ठेवू.

तेरवीला ते शेतकरी बाप जेवायला आले. पंगत उठल्यावर वहिनींनी त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. अंतरपाटापर्यंत आहे. माळा पडल्या ते नाही. कुणी मोबाइलवर काही घेतलं असेल तर आणून द्या, मी जोडून देते.  ते गृहस्थ म्हणाले, जावयाच्या दोस्तानं घेतलं आहे, हलतं फार. वहिनी म्हणाल्या, हलतं तर हलतं, आणा.

त्यांचा पाय तरी निघेना. धाकटीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, आणि तेही भावालाच सांगून ठेवलेलं. आता कोण येईल, एवढंच त्यांनी विचारलं.

"मी येईन," वहिनी म्हणाल्या.

जालन्याचे पाहुणे तिथेच होते, आत्याही. ज्या कपाळावर कुंकू नाही ते हळदीच्या पाटासमोर कॅमेरा घेऊन उभं राहणार, हे सगळ्यांच्या मनात एकदमच आलं. त्या बापाने ते फार अवघडून, जमिनीकडे पाहत बोलून दाखवलं. लग्नाले या बाई, पण हळदीले कसं.

"हळदीले येऊ देसान तंच लग्नाले येईन," वहिनी म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "अर्धं काम मी करत नाही. नाही जमलं तं दुसरा पाहा, माह्या मनात राग नाही."

मला वाटलं, आता आत्या बोलेल. आत्या पत्रावळी गोळा करत राहिली.

ते गृहस्थ अंगणात गेले आणि फोन लावला. पलीकडे बाईमाणसाचा आवाज होता, मग दुसरा, लहान वयाचा. आम्हाला शब्द कळत नव्हते. मला प्रोग्रॅम चालू असतानाही इतकी धडधड झाली नव्हती. ते परत आले आणि चप्पल न काढता उंबऱ्यातून म्हणाले, "पोरगी म्हणते, माह्यी हळद ताईच्या हळदीसारखी निघाली पाह्यजे. बायको अजून नाही म्हणते. पण पोरीचं लग्न आहे. या तुम्ही."

वहिनींनी मान हलवली. मग आपल्या भावाकडे वळल्या. 

पाहुण्यांनी खिशातून फोन काढला, जालन्याच्या गिऱ्हाइकाला लावला, आणि सामान विकायचं नाही असं सांगून, तो पलीकडून काय म्हणतो ते न ऐकताच बंद केला. मग कुरकुरले, की बाई एकटी कॅमेरा धरणार, मग लाइट कोण धरणार? शूटिंगला लाइट धरायला एक माणूस लागतोच.

पुढच्या महिन्यात मी पुण्यात होतो. वहिनींनी हळदीचा व्हिडिओ पाठवला, बघून चुका सांगा म्हणून. चित्र स्वच्छ होतं, हात स्थिर होता. फक्त मधूनमधून उजेड हलत होता, आणि एकदा तो नवरीवरून सरकून जेवणाच्या पातेल्यांकडेच गेला. मागून वहिनींचा आवाज ऐकू आला, हळू, पण साफ.

"दादा, इकडं धर. नवरी इकडं आहे."